पाणी पिणारी तंबाखू

मामंजींच्या घरात पाण्याचा पहिला मान तंबाखूचा होता. टँकर येऊन गेला, घागरी भरून ओळीनं लागल्या, की ते बाजेवरून उठायचे, चहाचा चमचा घ्यायचे आणि पहिल्या घागरीतून बरोबर दोन चमचे पाणी एका वाटीत काढायचे. त्या वाटीत कौलाचा बोटभर तुकडा बुडवायचे. तुकड्यातून बुडबुडे यायचे थांबले की तो फडक्यानं पुसायचे, तंबाखूच्या डब्यात एका कडेला ठेवायचे आणि झाकण घट्ट लावायचे. मग बाकीच्यांनी प्यायचं.

लातूर तेव्हा नवीनच जिल्हा झालं होतं आणि दोन वर्षं पाऊस नीट पडला नव्हता. आमच्या गल्लीत तिसऱ्या दिवशी टँकर यायचा. नळीसाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. अशा दिवसांत तंबाखूला पाणी पाजणारा माणूस म्हणजे गल्लीला करमणूकच होती.

समोरच्या घरात भोकरकडची एक बाई राहायची. तोंडानं फटकळ. ती एकदा दारातूनच म्हणाली, "मामा, आधी तिला भिजवता, मंग वाळवता, मंग जाळता. जाळायचीच व्हती तर भिजवली कामून?"

मामंजी शांतपणे म्हणाले, "भाकरीचं पीठ भोकर कामून भिजवती? शेवटी भाजायचंच असतंय की."

भोकर म्हणजे तीच बाई. मामंजी कुणालाही नावानं हाक मारत नसत. ज्याचं जे गाव, तेच त्याचं नाव. ते पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. साहेब लोक नकाशा काढायचे आणि मामंजी त्यावर मेणकागद ठेवून सुईसारख्या पेनानं तो उतरवून घ्यायचे. साऱ्या मराठवाड्यातली गावं त्यांच्या हाताखालून गेली होती. त्यातली निम्मी त्यांनी डोळ्यांनी पाहिली नव्हती, पण कोणत्या गावाच्या कोणत्या अंगाला ओढा आहे ते तोंडपाठ होतं. दूधवाला त्यांच्यासाठी 'औसा' होता. दाढी करायला येणारा 'निलंगा'. निलंगा एकदा रुसला. म्हणाला, "मामा, माजं नाव हाय की येक." मामंजी म्हणाले, "नाव आईबापानं ठिवलेलं असतं, उद्या बदलशील. गाव कुटं जातंय?"

आमचं गाव बिलोलीकडचं. मामंजी हे माझ्या मालकाचे सख्खे मामा. आम्ही दोघंही बिलोलीचीच, म्हणून त्यांनी आमची वाटणी करून टाकली. मालक झाले बिलोली बुद्रुक आणि मी बिलोली खुर्द.

माझ्याशी तर ते बोलतच नसत. आमच्यात सुनेनं सासऱ्याच्या समोर येऊन बोलायचं नसतं, आणि मी मुळातच अशी की दारात पाहुणा आला तर चुलीमागं जाईन. पण मामंजी माझ्याहून लाजरे निघाले. त्यांना काही पाहिजे असलं की ते समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगायचे. "बिलोली खुर्दकडं चहाची काय परिस्थिती हाय?" मी आतून कपबशी वाजवायची. म्हणजे परिस्थिती बरी आहे. भांडं वाजलं नाही की ते समजायचे, दूध फाटलं.

आम्ही त्यांच्याकडं आलो ते नाइलाजानं. गावात विहिरी आटल्या होत्या आणि हाताला काम नव्हतं. नव्या जिल्ह्याची कचेरी लातुरात उघडली होती. तिथं फायली उचलायला, टेबलं हलवायला माणसं लागत होती. मालकांना रोजावर घेतलं. पण राहायचं कुठं? मामंजींच्या दोन खोल्या होत्या आणि माणूस एकटा. मामी लग्नानंतर पाच वर्षांत वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. तरी मालक घाबरत होते. सगळ्या नात्यात मामंजींचं एक वाक्य ठाऊक होतं: "पाव्हणा आठ दिवसांचा. नवव्या दिवशी ते अतिक्रमण." आणि ते बोलून थांबत नसत. त्यांच्या चुलतभावाची ट्रंक त्यांनी खरोखर नवव्या दिवशी सकाळी रस्त्यावर नेऊन ठेवली होती, वर छत्री नीट आडवी लावून.

मालक मला म्हणाले, "आठ दिसांत त्यायच्या मनात बसलं पायजे. न्हाई तर परत बिलोलीला जायाचं, आन तिथं काय हाय?"

तिथं काही नव्हतं, हे मलाही माहीत होतं. म्हणून मी आल्या दिवसापासून मामंजींना काय आवडतं त्यावर नजर ठेवली. त्यांना एकच गोष्ट आवडत होती.

ती तंबाखू आपली नव्हे. ती यायची हैदराबादच्या एका दुकानातून, उदगीरच्या ट्रकवाल्याच्या हाती, पत्र्याच्या चपट्या डब्यात. आत तंबाखूच्या पातळ पट्ट्या एकावर एक दाबून रचलेल्या. रंगानं आंबापोळीसारख्या, पण काळपट. झाकण उघडलं की चिंचगुळाचा आणि जुन्या लाकडाचा वास यायचा. लातूरच्या त्या उन्हात डबा चार दिवसांत कोरडा ठणठणीत व्हायचा, म्हणून कौलाच्या तुकड्याची ती उठाठेव.

रोज दुपारी चार वाजता मामंजी बाजेवर मांडी घालून बसायचे. गुडघ्यावर वर्तमानपत्र. एक पट्टी चिमटीत धरून उजेडाकडं करून बघायचे. मग डाव्या तळव्यावर ठेवून उजव्या अंगठ्याच्या पेरानं ती गोल गोल, अगदी हलक्या हातानं फिरवायचे. पट्टीचे धागे धागे सुटायचे. आमचे मालक चुना लावून तंबाखू मळायचे, दोन चापट्या मारून तोंडात टाकायचे. ते एकदा सहज म्हणाले, "मामा, द्या, म्या मळून देतो." मामंजींनी तळवा छातीशी धरला, जसं कुणी लेकराला मारायला उठावं. म्हणाले, "मळतात ती तुझी. ही मोकळी करतात."

मोकळी केलेली तंबाखू कागदावर पसरून ते वीस मिनिटं तिच्याकडं बघत बसायचे. या वेळात कुणी पंख्यानं वारा घ्यायचा नाही, दारातून जोरात जायचं नाही. भोकरची बाई म्हणायची, "गप बसा ग, मामाची तंबाखू निजली." मग ती जुन्या लाकडी पाइपात भरणं, काडी लावणं, आणि एकदाचा धूर निघाला की गल्लीतली पोरं ओरडायची, "इंजन सुटलं!" मामंजी त्यांच्याकडं स्टेशन मास्तरसारखं गंभीरपणे बघायचे आणि मान हलवायचे.

सातवा दिवस होता. मामंजींना पेन्शनीच्या कागदासाठी कचेरीत जायचं होतं. निघण्याआधी त्यांनी डबा उघडला आणि त्यांचा चेहरा पडला. कौलाचा तुकडा जास्त ओला राहिला होता आणि सगळ्या पट्ट्या दमट झाल्या होत्या. बुरशी धरली असती. नवा डबा, दोनच दिवसांपूर्वी आलेला. त्यांनी सगळ्या पट्ट्या आतल्या खोलीत कागदावर मांडल्या आणि कॅलेंडरला म्हणाले, "वाळली पायजे. बिलोली खुर्दनं ध्यान ठिवावं."

एवढं सांगून ते गेले. मला एवढा आनंद झाला की विचारू नका. पहिल्यांदा काहीतरी माझ्यावर सोपवलं होतं.

मी तासभर ध्यान ठेवलं. आतल्या खोलीत ऊन येत नाही. पट्ट्या होत्या तशाच चिकट. बाहेर अंगणात ठेवावं तर कोंबड्या. मला वाटलं, मामंजी येऊन बघतील आणि म्हणतील, हिला साधं वाळवायलाही येत नाही. उद्या आठवा दिवस. मग मी स्टोव्ह पेटवला, तवा ठेवला, आच अगदी बारीक केली आणि पट्ट्या हातानं मोडून तव्यावर पसरल्या. पापड सादळला तर आपण काय करतो? तेच केलं.

आणि टँकर आला. तो तिसऱ्या दिवशी यायचा, या वेळी दुसऱ्याच दिवशी आला. "टँकर! टँकर!" अशी सगळी गल्ली ओरडत सुटली. मी दोन घागरी उचलल्या आणि धावले. तिथं मागचा-पुढचा विचार राहत नाही. दोन खेपा झाल्या, चार घागरी भरल्या. चौथी डोक्यावर घेऊन येताना भोकरच्या बाईनं नाक वर केलं. "कुणाच्या घरी लगीन हाय ग? काय भाजून राहिले येवढं वासाचं?"

घरात धूर कोंदला होता. तव्यावर सगळं काळं.

आता इथं शहाण्या बाईनं काय केलं असतं मला माहीत नाही. पण आमच्याकडं तंबाखू तव्यावर काळी झाली म्हणजे ती वाया गेली असं कुणी म्हणत नाही. ती मिसरी झाली. बायका मुद्दाम भाजतात, कुटतात आणि सकाळी दातांना लावतात. माझ्या आईनं हेच केलं, आजीनं हेच केलं. माझ्या हातांनी मला विचारलंच नाही. मी ती खलबत्त्यात घातली, बारीक कुटली, फडक्यातून गाळली आणि परत त्या पत्र्याच्या डब्यात नीट भरली. भोकरची बाई येऊन चिमूटभर घेऊन गेली. हिरडीवर फिरवून म्हणाली, "गोड हाय ग! अशी मिसरी म्या जल्मात लावली न्हाई."

झाकण लावल्यावर मला कळलं की मी काय केलंय. 

मामंजी पाच वाजता आले. पाय धुतले ते अर्ध्या तांब्यात. बाजेवर बसले, गुडघ्यावर कागद पसरला, डबा उघडला. मी दाराच्या आड उभी.  मालक तेवढ्यात कचेरीतून आले, त्यांनी डब्यात पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि आमची पिशवी खुंटीवरून काढायला गेले.

मी बाहेर आले. पदर पुढं ओढला आणि जन्मात पहिल्यांदा सासऱ्याच्या समोर तोंड उघडलं. "मामंजी, म्याच भाजली. वाळंना म्हणून तव्यावर टाकली, आन टँकर आला."

मामंजींनी कॅलेंडरकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "किती भरलं पाणी?"

"चार घागरी."

"भोकरनं किती?"

"तीन."

त्यांनी मान हलवली. "मंग बराबर हाय," म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

नववा दिवस आला. आम्ही पहाटेपासून पिशवी भरून बसलो होतो. मामंजी उठले, खिशातून डबा काढला, त्यातली चिमूटभर मिसरी तळहातावर घेतली आणि बाहेर दगडावर बसून दात घासले. चांगले पाऊण तास घासले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "हैदराबादी हाय." आत आले आणि पिशवीकडं बघून कॅलेंडरला म्हणाले, "ही वाटंत कामून ठिवली?" मालकांनी ती परत खुंटीला लावली. नवव्या दिवसाचा विषय त्यानंतर निघाला नाही. आम्हीही काढला नाही.

पुढचा डबा यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मामंजी रोज चार वाजता रिकामा पाइप तोंडात धरून बसायचे. पोरं दारात येऊन विचारायची, "मामा, इंजन?" ते म्हणायचे, "पाणी न्हाई."

नवा डबा आला त्या दिवशी त्यांनी मला बाहेर बोलावलं. आता ते माझ्याशी बोलायचे, पण तोंड अजून कॅलेंडरकडंच. म्हणाले, "भाजायला येतंय. आता भरायला शिकून घे."

मला वाटलं चेष्टा आहे. पण त्यांनी माझ्या तळव्यावर एक पट्टी ठेवली. पहिल्या दिवशी मी ती चुरगळून भुगा केला. ते म्हणाले, "हे भाकरीचं पीठ न्हाई." दुसऱ्या दिवशी धागे सुटले. मग चिमटीत दाबून बघायचं. दाबली की गोळा झाला पाहिजे आणि सोडली की हळूहळू उलगडला पाहिजे. उलगडला नाही तर ओली. गोळाच झाला नाही तर कोरडी.

"आता भरायची. पेरणीआधी रान कसं असतं? भुसभुशीत. तसं खालचं. नुस्तं सोडायचं, बोट लावायचं न्हाई. मधलं जरासं दाबायचं. वरचं आणखी थोडं, जसं बी झाकताव. लई दाबलं तर गुदमरून मरती. न्हाई दाबलं तर भडकती." मग पाइप माझ्या हातून घेऊन ते ओढून बघायचे, काडी न लावता. "वारा आला पायजे. पर फुकटात येऊ न्हाई."

काड्या दोन लागायच्या. पहिलीनं तंबाखू जागी व्हायची आणि फुगून वर यायची. ती चपट्या डोक्याच्या खिळ्यानं हळूच खाली बसवायची. दुसरी काडी खरी. दोनांवर तिसरी लागली की मामंजी मानायचे, भरण्यात चूक झाली. "काडी भरणाऱ्याला शिव्या देती," असं त्यांचं म्हणणं.

महिन्याभरात मला जमायला लागलं. मी मालकांना विचारलं, हे मामंजींना एवढं कशानं लागलं? तेव्हा त्यांनी सांगितलं. निजामाच्या काळात मामंजी अगदी तरुण असताना मोजणीची साखळी ओढायच्या कामावर लागले. वरती हैदराबादचे एक इंजिनिअर साहेब होते. दिवसभर दुर्बिणीला डोळा लावून उभे राहायचे आणि हात मोकळे नसायचे, म्हणून त्यांनी मामंजींना पाइप भरायला शिकवलं. त्या काळात आमच्या माणसांच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. साहेबांचा स्वयंपाकी मामंजींना भाकरी वरून टाकायचा. आणि साहेब मामंजींनी बोटांनी भरलेला पाइप सरळ तोंडात धरायचे. असं पंधरा-वीस वर्षं चाललं. नकाशा उतरवायलाही त्यांनीच शिकवलं. निवृत्त होताना त्यांनी तो पाइप मामंजींना देऊन टाकला.

"मामानं मला हे येकदाच सांगितलं," मालक म्हणाले. "आन सांगून झाल्यावर म्हणले, जा, आता भाजी आण."

अशी दीड वर्षं गेली. मालक रोजावरून कायम शिपाई झाले. त्यांना कचेरीमागं एक खोली मिळाली. नळ होता, दिवसाआड का होईना पाणी यायचं. मालकांनी पेढे आणले. मामंजींनी एक पेढा खाल्ला आणि म्हणाले, "चांगली जागा हाय. उत्तरेला उतार हाय, पाणी साचायचं न्हाई." एवढंच. त्यानंतर चार दिवस ते एका शब्दानं त्या खोलीबद्दल बोलले नाहीत. आम्हीही काय बोलणार? दुसऱ्याच्या घरात किती दिवस राहायचं, त्याला काही मर्यादा असते. मला वाटलं, त्यांना मोकळं वाटत असेल.

निघायच्या दिवशी सकाळी आठला हातगाडा आला. सामान ते केवढं! ट्रंक, दोन वाकळा, भांडी, स्टोव्ह. गाडेवाल्यानं सगळं रचून दोऱ्या आवळल्या. मी मामंजींच्या पाया पडायला गेले तर ते बाजेवर बसून गुडघ्यावर कागद पसरत होते. सकाळी त्यांनी कधी पाइप भरला नव्हता.

म्हणाले, "येक भरतो. ती संपली की निगा."

संपणं म्हणजे तासभर. मालक म्हणाले, बरं, बसू. गाडेवाल्यानं बिडी पेटवली.

मी दारात उभी राहून बघत होते. तंबाखू मीच सकाळी मोकळी करून ठेवली होती. मामंजींनी पहिली चिमूट पाइपात टाकली आणि अंगठ्यानं दाबली. खालची. मला वाटलं चुकून. दुसरी चिमूट टाकली, ती त्याहून जोरात दाबली. तिसरीवर तर खिळ्याचं डोकं असं रोवलं की हाताची शीर वर आली.

काडी लावली. विझली. दुसरी, तिसरी, सातवी. धूर नाही.

समोरून भोकरची बाई ओरडली, "मामा, आज इंजन चढ चढंना!"

"वली हाय तंबाखू," मामंजी म्हणाले.

ओली नव्हती. मी चिमटीत दाबून पाहिली होती. त्यांनी पाइप झटकला, कोरून साफ केला आणि नव्यानं भरला. पुन्हा तसाच. पुन्हा काड्या. नऊ वाजून गेले. मालक घड्याळाकडं बघत होते. गाडेवाल्याच्या दोन बिड्या झाल्या होत्या. तो म्हणाला, "ओ मामा, ऊन तापून राहिलं. किती येळ?"

मामंजींनी त्याच्याकडं पाहिलं नाही. कॅलेंडरकडंही नाही. पाइप उलटा करून ते तिसऱ्यांदा कोरायला लागले. म्हणाले, "पेटंना तर म्या काय करू? पेटली न्हाई आन संपल कशी?"

मालक मला हळूच म्हणाले, "म्हातारपण. हाताला सुमार राह्यला न्हाई."

मी पायऱ्या उतरले. गाड्याजवळ गेले आणि वरच्या दोरीखालून हात घालून स्टोव्ह ओढून काढला. तो घेऊन आत आले, ओट्यावर होता त्या जागी ठेवला आणि चौघांच्या चहाचं आधण टाकलं.

मागं खिळ्याचा आवाज थांबला होता. मी वळून पाहिलं. मामंजी एक एक चिमूट पाइपात सोडत होते, खालच्या थराला बोट न लावता.

मालक कधी माझ्याकडं, कधी त्यांच्याकडं बघत राहिले. गाडेवाल्यानं तोंडातली बिडी फेकली आणि कुणी न सांगता दोऱ्या सोडायला घेतल्या.